अंडं, बगळा आणि दर मिनिटाचा चोर

पक्षीगृह, उबवणखोली
४ एप्रिल

आत्या,

नमस्कार नंतर, तब्येत नंतर, आधी बातमी. आमच्याकडे अंडं आलंय!

बाजारातलं नव्हे गं, क्रौंचाचं! आमच्या प्राणिसंग्रहालयातल्या क्रौंचांच्या मादीनं यंदा एकच अंडं घातलं. मागची दोन वर्षं तिनं स्वतःचीच अंडी पायाखाली तुडवली होती. म्हणून पक्षी सांभाळणाऱ्या आमच्या काकांनी (तेच ते, मिशीवाले) या वेळी ते तिच्या नकळत उचललं आणि उबवणपेटीत ठेवलं. तेव्हापासून काका पेटीशेजारी स्टूल टाकून बसलेत. डबासुद्धा तिथेच खातात, तोही पेटीकडे पाठ करून, अंड्याला वास लागू नये म्हणून!

यात मी कुठे, असं विचारशील. अगं, पेटीला बोलायला शिकवलंय ते मी! पेटीची ऊब, ओलावा सगळं मोजणारा एक जुना संगणक शेजारी ठेवलाय. त्यावर लिनक्स चालतं, म्हणजे संगणकाचा सगळा आतला कारभार बघणारी व्यवस्था. तू त्याला मुकादम समज. तर संगणक दर मिनिटाला मोजमाप घेतो, अंड्याचा फोटो काढतो, आणि मुकादमाच्या हातून ते तुझ्याच गावातल्या पक्षी-केंद्राकडे रवाना होतं. गेल्या आठवड्यात मी त्याला एक नवीकोरी, वेगवान लाईन जोडून दिली. जुनी तारही आहेच, पण ती म्हणजे नुसती गोगलगाय. नव्या लाईनवर सगळं कसं भुर्रकन जातं. दोन दिवस मी इतक्या तोऱ्यात फिरत होते की काकांनी मला पिंजऱ्यातला मोर दाखवला आणि म्हणाले, "जा, त्याच्या शेजारी उभी राहा."

आता रडगाणं. केंद्राचा नियम असा, की मोजमाप न तुटता येत राहिलं पाहिजे. हातानं लिहून पाठवलेलं चालत नाही. आलं नाही, तर ते गाडी पाठवणार आणि अंडं घेऊन जाणार. दिवसभराचा खाचखळग्यांचा रस्ता गं! काका म्हणतात, अंडं वाटेतच संपेल. आणि वाचलं, तरी ते पिल्लू आमच्याकडे परत थोडंच येणार? आणि केंद्रातला माणूस फोनवर काय म्हणतो, तर "आपल्याकडून काहीही आलेलं नाही." तो एका पायावर उभा राहून बोलल्यासारखा बोलतो, म्हणून मी त्याला बगळा म्हणते. बगळ्यानं विचारलं, "आपण काही बदल केला आहे का?" मी म्हटलं, काही नाही. नवी लाईन म्हणजे काय बदल झाला? ती तर सुधारणा!

फोनच केला असता तुला, पण तुझ्या डाव्या कानाला ऐकू येत नाही आणि उजव्या कानाशी तुझं शिलाईयंत्र असतं.

तुझी टिटवी


शिवणाचं दुकान
७ एप्रिल

गधडे टिटवे,

पत्र वाचताना दोन बाह्या उलट्या लावल्या गेल्या, त्या आता उसवायच्या आहेत. तुझ्या अंड्यापायी!

मला त्यातलं अंडं तेवढं कळलं. बाकी मुकादम, लाईन, तार, सगळं डोक्यावरून गेलं. पण एक सांग, माल पाठवला म्हणतेस आणि तिकडे पोचला नाही म्हणतात, म्हणजे मधे कुणीतरी हडपतंय किंवा कुणीतरी थापा मारतंय. माझ्या दुकानात असं झालं असतं तर मी बटणं पोचवणाऱ्याचा कान धरला असता. तुझा तो मुकादम गरीब गाय दिसतो. दारापर्यंत जात असेल, कुणी दरडावलं की परत येत असेल, आणि तुला सांगत असेल, "हो बाई, देऊन आलो."

त्या बगळ्याशी नीट बोल. तू माणसांशी बोलायला लागलीस की समोरचा आधी कान झाकतो, मग मुद्दा ऐकतो. लहानपणापासूनची खोड. केंद्र माझ्या दुकानापासून पलीकडच्या चौकातच आहे, सांगितलंस तर जाऊन त्याची खरडपट्टी काढून येईन. नवीन चष्मा केलाय, तो कुठेतरी मिरवायचाच आहे.

काकांना म्हणावं, स्टूलवर उशी घ्या, कंबर धरेल.

आत्या


उबवणखोली
१० एप्रिल

आत्या,

काकांनी उशी घेतली. पण ती त्यांनी पेटीखाली ठेवली, संगणकाचे हादरे बसू नयेत म्हणून. आता काय बोलणार!

इकडे माझ्या तोंडचं पाणी पळालंय. केंद्राची चिठ्ठी आली: बावीस तारखेला गाडी निघणार. अंडं फुटायचं ते चोवीसच्या आसपास. म्हणजे ऐन वेळेला ते पिल्लाला कवचासकट धक्के देत नेणार! काकांनी चिठ्ठी वाचली, घडी केली, आणि पाठ फिरवली. मला वाटलं रागावले. रागावले नव्हते. नाक ओढत होते.

मी हातपाय गाळून बसलेली नाही बरं का. मुकादम गरीब गाय नाही, आणि हे मी रोज सिद्ध करते. रोज सकाळी बसते, त्याला म्हणते, "जा, केंद्राचं दार वाजवून ये," आणि तो जातो, आणि उत्तर घेऊन येतो! शंभरदा पाठवलं तर शंभरदा येतो. म्हणजे रस्ता उघडा आहे, दार उघडं आहे, दाराआड केंद्र जिवंत आहे. मग मोजमापच तेवढं कुठे जातं?

केंद्राला म्हणे मोठं फाटक आहे. तू पाकिटावर पाठवणाऱ्याचा पत्ता लिहितेस ना, तसा संगणकाच्या प्रत्येक निरोपावर पाठवणाऱ्याचा पत्ता असतो, आकड्यांचा. फाटकावर आमचा आकडा नोंदलेला आहे. त्या आकड्याखेरीज दुसरा कुणी आला की फाटक त्याला हाकलतं, उत्तरसुद्धा न देता. पण आमचा आकडा तर नोंदलेला आहे! बगळ्यानं मला तो फोनवर वाचून दाखवला, मी इकडे मुकादमाकडे बघितला, तोच. मी म्हटलं, "बघा, तोच आहे!" तो म्हणाला, "तोच आहे, पण आलेला नाही." मी म्हटलं, "आलाय!" तो म्हणाला, "नाही." मग मी ओरडले आणि पलीकडच्या पिंजऱ्यातल्या सगळ्या पाणकोंबड्या उडाल्या.

माझी खात्री आहे, बगळा कामचुकार आहे. खोलीत झोपा काढतो आणि "आलेलं नाही" म्हणतो. आत्या, जा तू. चष्मा घालून जा. त्याची खरडपट्टी काढ, आणि पडद्यावर खरोखर काय दिसतं ते तुझ्या डोळ्यांनी बघून ये.

तुझी टिटवी


दुकान
१४ एप्रिल

टिटवे,

गेले होते. ऐक आता.

पहिली गोष्ट, तुझा बगळा बगळा नाहीच मुळी. बुटका आहे, गोल आहे, आणि त्याच्या सदऱ्याचं दुसरं बटण नाही. मी खरडपट्टी काढायला तोंड उघडलं, तर त्यानं खुर्ची दिली, चहा दिला, आणि क्रौंचांचे फोटो दाखवायला लागला. अंड्याचं म्हटलं तर डोळे भरून आले त्याचे. म्हणाला, "मावशी, मलाही ते हलवायचं नाहीये हो. पण समितीपुढे दाखवायला माझ्याकडे एक ओळ नाही." आता अशा माणसाची खरडपट्टी कशी काढायची? मी त्याचं बटण लावून दिलं.

कामचुकार तर मुळीच नाही. मी म्हटलं, दाखवा बघू पडदा. दाखवला. तुमच्या आकड्यापुढे मोजमाप म्हणून काही नाही. रोज सकाळी कुणीतरी दार वाजवतं, "आहात का?" विचारतं, "आहे" म्हटलं की निघून जातं. तो म्हणाला, "आपली भाची रोज माझी तब्येत विचारते, पण अंड्याबद्दल चकार शब्द नाही."

आणि आता खरी गोष्ट, बसून वाच. तुझ्या अंड्यावर कुणाचा तरी डोळा आहे! फाटकावरून हाकललेल्यांची यादी असते त्याच्याकडे. त्यात एक भामटा आहे, तो दर मिनिटाला येतो. दर मिनिटाला, टिटवे! दार ठोठावतो, धक्का खातो, जातो, पुन्हा हजर. बगळा म्हणाला, "इतका चिकाटीचा चोर मी नोकरीत पाहिला नाही. सुट्टीच्या दिवशीही येतो." मला तर घामच फुटला. तक्रार करायला उपयोगी पडेल म्हणून त्याचा आकडा मी शिवणाच्या खडूनं बाहीवर लिहून आणला. लांबलचक आहे, खाली सगळा उतरवलाय, शेवटी एकाहत्तर आहे. तुमच्या गावचाच वाटतो, असंही तो म्हणाला.

काकांना म्हणावं, काठी जवळ ठेवा.

आत्या


उबवणखोली
१७ एप्रिल

आत्या गं आत्या,

तो चोर मी आहे! मी! एकाहत्तर म्हणजे आमचीच नवी लाईन!

पत्र वाचून मी अशी किंचाळले की काका काठी घेऊन धावत आले (काठी त्यांनी आधीच आणून ठेवली होती). "कुठाय चोर?" म्हणाले. मी स्वतःकडे बोट दाखवलं. त्यांनी काठी खाली ठेवायला जरा वेळच लावला.

कसं झालं ते सांगते, आणि तुझ्याच घराचं सांगते म्हणजे कळेल. तू पुढच्या दारानं बाहेर पडलीस की बाजारातले सगळे तुला शिंपीणबाई म्हणतात. मागच्या दारानं पडलीस की सासरच्यांचं अंगण, तिथे तू सूनबाई. तू तीच, पण कुठल्या दारानं निघालीस त्यावर तुझं नाव ठरतं. आणि दार कशावर ठरतं? कुणाकडे निघालीस त्यावर. मुकादमाची रीत अगदी हीच. आधी बघतो, निरोप कुणाकडे जायचाय. त्यावरून रस्ता ठरवतो. आणि पाठवणाऱ्यानं स्वतःहून पत्ता सांगितला नसेल, तर त्या रस्त्याचा जो पत्ता असेल तो डकवून देतो.

मी नवी लाईन जोडली तेव्हा मोठ्या तोऱ्यात त्याला सांगितलं होतं, यापुढे सगळं इकडून. मोजमाप पाठवणारा प्रोग्राम साधाभोळा, तो एवढंच म्हणतो, "केंद्राला दे." मुकादम म्हणाला, बरं. पुढच्या दारानं, नवा पत्ता डकवून, दर मिनिटाला. आणि केंद्राच्या फाटकावर त्या पत्त्याला कोण ओळखतं? धक्के!

मग माझी रोजची चाचणी कशी पास व्हायची? इथेच तर माझ्या अकलेचे दिवे पाजळलेत. पूर्वी जुनी तार सारखी रुसायची, म्हणून तपासताना "जुन्या तारेनं जा" असं सांगायची माझ्या बोटांना सवयच लागलीय. ते शब्द मी टाइप करते हे मला कळतसुद्धा नाही! मुकादम बिचारा हुकमाप्रमाणे मागच्या दारानं जायचा, जुना पत्ता लागायचा, बगळा हसून "आहे" म्हणायचा, आणि मी इकडे टाळ्या वाजवायची. बगळाही खरं बोलत होता, मीही खरं बोलत होते, आणि अंडं जात होतं ते जातच होतं!

लगेच बगळ्याला फोन केला. "तुमचा चोर बोलतेय." तो इतका हसला की फोन खाली पडल्याचा आवाज आला. पण फाटकावर नवा आकडा नोंदवायचा तर समिती बसते आणि ती बसायला पंधरवडा लागतो. म्हणजे दुरुस्ती इकडेच करायला हवी.

पहिल्या झटक्यात मी आणखी एक माती खाल्ली. प्रोग्रामला सांगितलं, "तू जुनाच पत्ता लाव." त्यानं लावला. पण रस्ता ठरतो तो कुणाकडे जायचंय त्यावर, पत्त्यावर नाही. तेव्हा निरोप निघाला पुढच्याच दारानं, नव्या लाईनवरून, जुनं नाव सांगत! नव्या लाईनवाल्यांनी बघितलं, हा पत्ता काही आमच्याकडचा नाही, आणि वाटेतच फेकून दिला. आता मला दोन्हीकडून धक्के बसायला लागले. काका म्हणाले, "पोरी, तू सुधारणा करायचं थांबव ना जरा."

मग शांत बसले. खरंच बसले. चहासुद्धा गार झाला. आणि मुकादमाला एकच ओळ लिहून दिली: बाकी जगाकडे खुशाल नव्या लाईननं जा, पण केंद्राकडे जायचं असेल तर जुन्या तारेनं. पत्त्याबद्दल एक अक्षरही सांगितलं नाही. रस्ता जुना झाला, तसा पत्ता आपोआप जुना लागला. आणि आत्या, पुढच्याच मिनिटाला बगळ्याचा फोन. "आलं!" एवढंच ओरडला तो. टिटवीसारखा!

काकांनी मला उचलून गोल फिरवलं. त्यांची कंबर धरली.

धक्के खाल्लेलं सगळं मोजमाप प्रोग्रामनं टाकून दिलं नव्हतं, साठवून ठेवलं होतं. आता ते पहिल्यापासून ओळीनं निघालंय, दर मिनिटाच्या फोटोसकट. पण जातंय त्या गोगलगायीवरून! पूर्ण पोचलं तरच बगळा समितीपुढे कागद ठेवणार. बावीसच्या आत पोचेल की नाही, मला खरंच सांगता येत नाही. आणि तरी हसू थांबत नाही.

तुझी चोरटी टिटवी


कुठल्याशा रस्त्याच्या कडेचं गॅरेज
२२ एप्रिल

टिटवे,

हे पत्र मी एका टायरवर बसून लिहितेय. हसू नकोस.

सकाळी केंद्रात गेले होते, काय होतंय बघायला. बगळा पडद्याला नाक लावून बसला होता. शेवटचा फोटो आला तशी त्यानं खुर्चीतून उडी मारली आणि मला मिठी मारली. (बटण पुन्हा तुटलं.) अंड्याचा निकाल द्यायला आलेल्या समितीच्या बाईंनी तिथल्या तिथे सही केली: अंडं हलवायचं नाही. आमचा जीव भांड्यात पडला. आणि तेवढ्यात शिपाई म्हणाला, गाडी तर पहाटेच गेली!

तुमच्या कचेरीला फोन लावला, कुणी उचलेना. ड्रायव्हर फोन बाळगत नाही. आणि तो म्हणे असा खमक्या आहे की कागदावर सही असल्याशिवाय देवाचंसुद्धा ऐकत नाही. मग काय, बगळ्यानं कागद खिशात कोंबला, मला म्हणाला, "मावशी, बसा," आणि आम्ही त्याच्या खेळण्याएवढ्या गाडीतून पाठलागाला निघालो! जन्मात इतकी मजा आली नव्हती. प्रत्येक वळणावर मी "दाबा, दाबा" ओरडत होते.

अर्ध्या वाटेत गाडीनं मान टाकली. धूर, वाफ, सगळं. बगळ्यानं एका मोटारसायकलवाल्याला हात केला, मागे बसला, आणि गेला! मला गाडीची राखण करायला ठेवून! मी चष्मा लावून नुसती बघत राहिले. आता गाडी दुरुस्त झाली की मेकॅनिक मला घरी सोडणार आहे.

तो वेळेत पोचला का? अंडं आहे ना? लगेच लिही. नाही लिहिलंस, तर भाची नाहीस माझी.

आत्या


पक्षीगृह
२६ एप्रिल

आत्या,

आहे! पण आता ते अंडं नाहीये.

ऐक. गाडी आधी आली. ड्रायव्हर उतरला, हा असा उंचापुरा, कपाळाला कायमची आठी. मी विनवण्या केल्या, काकांनी केल्या. तो म्हणाला, "माझ्याकडे सही आहे. तुमच्याकडे आहे?" नव्हती. पेटी त्यानं स्वतः उचलून गाडीत ठेवली. काका गाडीत चढले, पेटीला दोन्ही हातांनी कवटाळून बसले, आणि म्हणाले, "आता मलाही न्या." तो म्हणाला, "उतरा." ते उतरेनात. मी दारात आडवी उभी राहिले. या झटापटीत कुणाचंही लक्ष नसताना पेटीतून आवाज आला.

कवचाला तडा गेला होता. ठरल्याच्या दोन दिवस आधी! काका ओरडले, "हलू नका कुणी!" ड्रायव्हर जसा वाकला होता तसाच थांबला, तोंड पेटीच्या काचेशी. किती वेळ आम्ही तिघं तसे होतो देव जाणे. मधेच बगळा मोटारसायकलवरून आला, धुळीनं पांढराफटक, हातात कागद फडफडवत. मी सही ड्रायव्हरच्या नाकासमोर धरली. त्यानं वाचलीसुद्धा नाही. "बाजूला व्हा, दिसत नाही मला," म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी पिल्लू कवचातून पूर्ण बाहेर पडलं. ओलं, लटपटतं, मातकट रंगाचं. आत्या, मी ढसाढसा रडले, सांगते तुला, आणि काका तर माझ्याही वर. त्यानं डोळे उघडले आणि समोर जो पहिला चेहरा दिसला त्याला आई मानलं. हे पक्षी असंच करतात. तो चेहरा ड्रायव्हरचा होता. रात्रभर काचेपासून हलला नव्हता ना तो!

काका दोन दिवस रुसले होते. इतके दिवस स्टूलवर बसले ते, आणि पिल्लू धावतं त्या आठीवाल्यामागे! तो संडासला गेला तरी ते दाराबाहेर चीं चीं करत उभं. काल त्याला परत जायचं होतं. तो गाडीत बसला, पिल्लानं आकांत मांडला. तो उतरला, त्याला थोपटलं, पुन्हा बसला. पुन्हा आकांत. असं बराच वेळ चाललं. शेवटी त्यानं खिशातून किल्ली काढली आणि बगळ्याच्या हातावर ठेवली. "साहेब, गाडी तुम्ही न्या. माझी रजा मांडा."

बगळ्याला एवढी मोठी गाडी चालवता येत नाही. म्हणून तो अजून इथेच आहे, आणि रोज मला विचारतो की मुकादमाची ती ओळ नेमकी कशी लिहिली. मीही रोज सांगते. काकांचा रुसवा आज गेला, कारण पिल्लाला भरवायचं कसं ते ड्रायव्हरला कुठे येतं? आता दोघं मिळून भरवतात आणि दिवसभर भांडतात.

तू ये, आत्या. बगळ्याचं बटण तुटलेलंच आहे.

तुझी टिटवी